सीएसआर निधीचा अर्ज : प्रस्ताव सगळ्यात शेवटी लिहा

सीएसआर निधी म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या संस्थांनी केलेले जे अर्ज कंपन्यांकडून परत येतात, त्यातले बरेचसे प्रस्ताव वाचण्याआधीच बाद झालेले असतात. कुठे धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या अध्यक्षांचं नाव असतं, कुठे ८०जीची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीची) मुदत संपलेली असते, कुठे अंदाजपत्रकात कार्यकर्त्यांच्या पगाराचा रकानाच नसतो. संस्थेला मात्र वाटतं की आपलं इंग्रजी कमी पडलं. मग कुणाला तरी पैसे देऊन गुळगुळीत कागदावर नवा प्रस्ताव करून घेतला जातो, आणि तोही त्याच कारणाने परत येतो.

पुढची मांडणी महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या, एक-दोन तालुक्यांत गरीब कुटुंबांच्या उपजीविकेवर काम करणाऱ्या, मोजक्या पगारी माणसांवर चालणाऱ्या संस्थांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम सहसा लोक ठेवतात त्याच्या उलटा आहे. तो तसाच ठेवा.

## टप्पा १ : आधी कपाट आवरा

हे काम अर्जाच्या किमान सहा महिने आधी सुरू करावं लागतं. यातल्या काही गोष्टी तुमच्या हातात नसतात, सरकारी कार्यालयाच्या हातात असतात.

परिशिष्ट एक. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. दहा वर्षांपूर्वीची झेरॉक्स चालवू नका. त्यावरची विश्वस्तांची नावं बँकेत सह्या करणाऱ्यांशी, आयकर पोर्टलवरच्या नावांशी आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरच्या नावांशी पडताळा. चारही ठिकाणी तीच माणसं हवीत. निवडणूक झाली, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) दाखल करायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर लपवू नका. दाखल केल्याची पोच, प्रकरण क्रमांक आणि कोण कधी बदललं याचं एक पानी पत्र जोडा. प्रलंबित प्रकरण कंपनी समजून घेते, पण चार कागदांवर चार वेगळे अध्यक्ष दिसले की फाइल बंद होते.

दोन दाखले. आपल्याकडे संस्था बहुधा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्यामुळे क्रमांकही दोन, त्यातला एक 'एफ' अक्षराचा. परराज्यातल्या मुख्यालयात बसलेल्या माणसाला हे कळत नाही, त्याला वाटतं या दोन वेगळ्या संस्था आहेत. दोन्ही दाखले एकत्र पाठवा आणि वर एक ओळ खुलासा लिहा.

घटनेतले उद्देश. घटनेत शाळा, वाचनालय आणि सांस्कृतिक कार्यक्रम एवढंच असेल, तर शेळीपालनाचा प्रकल्प कशाच्या आधारावर घेणार? उद्देशांत दुरुस्ती करायची तर ठराव, धर्मादाय कार्यालयाची मंजुरी आणि त्यानंतर ३० दिवसांत आयकर खात्याकडे अर्ज, एवढं सगळं ओघाने येतं. मुदत तोंडावर असताना याला हात घालू नका.

१२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी. इथे एका वर्षाची चूक फार होते. नोंदणीच्या आदेशावर कर-निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) लिहिलेलं असतं, आर्थिक वर्ष नव्हे. '२०२२-२३ ते २०२६-२७' असं लिहिलेलं असेल तर ती नोंदणी ३१ मार्च २०२६ लाच संपली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो, म्हणजे या उदाहरणात ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत. नव्या संस्थांची तात्पुरती नोंदणी ३ वर्षांची असते. काम सुरू झाल्यापासून सहा महिने, किंवा मुदत संपण्याआधी सहा महिने, यातलं जे आधी येईल तोवर नियमित नोंदणीसाठी अर्ज जायला हवा. 'तीन वर्षं आहेत ना' म्हणून बसलेल्यांचीच इथे गडबड होते. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. लोकांच्या तोंडी जुनेच आहेत म्हणून इथेही जुनेच वापरले आहेत. प्रत्यक्ष फॉर्म भरताना नवा क्रमांक आपल्या सीएकडून घ्या.)

तीन वर्षांचं ऑडिट. छाननी करणारा माणूस ताळेबंदात आधी तीन जागा बघतो: हातावरची रोख शिल्लक, विश्वस्तांकडून घेतलेली किंवा त्यांना दिलेली उसनवारी आणि 'इतर खर्च'. वर्षाअखेर लाखभर रुपये रोख दिसत असतील तर त्याचं उत्तर तयार ठेवा. त्याहून बरं म्हणजे यंदापासून तशी रक्कम ठेवूच नका.

> तपासा: संस्थेचं नाव पॅन, बँक खातं, नोंदणी दाखला आणि ८०जी आदेश यांवर अक्षरशः सारखं आहे का? 'बहुउद्देशीय' आणि 'बहुउद्देशिय' एवढ्या फरकानेही ऑनलाइन फॉर्म अडतो.

## टप्पा २ : सीएसआर-१ क्रमांक

कंपनीकडून सीएसआरचं काम घ्यायचं तर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. सरकारी शुल्क नाही. सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते, त्यांची फी काय ती द्यावी लागेल. १२ए आणि ८०जी नसेल तर हा फॉर्म भरायला बसूच नका.

> सावधान: सीएसआर-१ क्रमांक मिळाला म्हणजे निधी मंजूर झाला, असं नाही. तो नुसता रांगेत उभं राहण्याचा पास आहे. 'नंबर काढून देतो, दोन कोटी आणून देतो, दहा टक्के आमचे' असं म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. मंजूर रकमेतला काही भाग रोखीने परत मागणारे तर याहून वाईट. तो पैसा तुमच्या हिशेबात खोटी बिलं लावूनच बाहेर पडतो, आणि त्यावर सह्या तुमच्या असतात.

नियमांत आणखी एक अट आहे, जी संस्था नीट वाचत नाहीत: तशाच स्वरूपाच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. दरवर्षी दप्तरं वाटली, हा उपजीविकेच्या कामाचा अनुभव धरला जात नाही. त्यामुळे मागच्या तीन वर्षांच्या ऑडिटमध्ये बचत गट, शेळीपालन, शिवणकाम, शेती प्रशिक्षण यांवर खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दिसायला हवा. तो सगळा 'सामाजिक उपक्रम खर्च' या एकाच ओळीत गेला असेल, तर यंदापासून सीएला शीर्षं वेगळी करायला सांगा.

## टप्पा ३ : गरज मोजा, वर्णन नंतर करा

'आमचा भाग अत्यंत मागास, दुष्काळी व दुर्लक्षित आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात असतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी पाच-सात गावांची एक घरटी यादी करा. रकाने थोडेच हवेत: कुटुंबप्रमुख, शिधापत्रिका पिवळी की केशरी, जमीन किती आणि तिला पाणी आहे का, रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे का आणि गेल्या वर्षी किती दिवस काम मिळालं, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कोण जातं आणि किती महिने, घरात एकल महिला आहे का, सावकाराचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज किती.

ही यादी करताना गावातल्या आशा आणि बचत गटाच्या सीआरपी ताईंना (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्यांना) सोबत घ्या. कोणाचं घर सहा महिने कुलूपबंद असतं हे त्यांना पाठ असतं. यादी ग्रामसभेपुढे वाचा आणि ठराव घ्या. पुढे 'लाभार्थी कसे निवडले?' हा प्रश्न येतोच, तेव्हा हा ठराव उपयोगी पडतो. सरपंचांच्या भावकीचीच नावं यादीत आहेत असा आरोप झाला, तरी उत्तर हातात असतं.

आणि ही यादी आजच करा, काम सुरू झाल्यावर नाही. काम सुरू होण्याआधीचं उत्पन्न नोंदलेलं नसेल तर वर्षाअखेर 'उत्पन्न वाढलं' असं म्हणायला आधारच राहत नाही.

> तपासा: प्रकल्प कोणासाठी नाही, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर निवडीचे निकष अजून ठरलेले नाहीत.

## टप्पा ४ : अंदाजपत्रक, आणि त्यातला पाच टक्क्यांचा गैरसमज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रस्तावाचा मजकूर या तक्त्यातून निघतो. तक्ता मजकुरातून काढायला गेलात तर दोन्ही फसतात.

समजा ४० एकल महिलांना प्रत्येकी २ उस्मानाबादी शेळ्या द्यायच्या आहेत, एका वर्षाचं काम. आकडे नमुन्याचे आहेत, दर तुमच्या बाजारचे धरा.

- शेळ्या : ८० × ९,००० = ७,२०,०००
- विमा, लसीकरण, जंतनाशक : ८० × ७०० = ५६,०००
- गोठा दुरुस्ती : ४० × ३,००० = १,२०,०००
- प्रशिक्षण : ४ वेळा × ६,००० = २४,०००
- क्षेत्र कार्यकर्त्या : २ × १४,००० × १२ = ३,३६,०००
- त्यांचा प्रवास : २ × २,५०० × १२ = ६०,०००
- अर्धवेळ हिशेबनीस : ६,००० × १२ = ७२,०००
- लेखापरीक्षण : १५,०००

एकूण १४,०३,०००, म्हणजे दर कुटुंबामागे ३५,०७५ रुपये. हा शेवटचा आकडा स्वतः काढून ठेवा, कारण समोरचा माणूस तो काढणारच आहे.

आता गैरसमजाकडे येऊ. बहुतेक संस्था कार्यकर्त्यांचे पगार गाळतात किंवा 'मानधन' म्हणून कुठेतरी दडवतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात येत नाही. मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात ही मर्यादा कंपनीसाठी आहे, राबवणाऱ्या संस्थेसाठी नाही, असा खुलासाही केला आहे. एखादी कंपनी आपल्या अंतर्गत धोरणाने संस्थेवर मर्यादा घालू शकते, ती वेगळी गोष्ट. तसं असेल तर लेखी मागा आणि आकड्यांवर बोलणी करा.

वरच्या तक्त्यातून दोन कार्यकर्त्या काढून टाका आणि काय होतं बघा. शेळ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. पावसाळ्यात आंत्रविषाराची साथ आली की लस टोचून घ्यायला कुणी हलत नाही. शेळी दगावली तर कानातल्या बिल्ल्यासह फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला वेळेत घेऊन विम्याचा दावा कोण करणार? बिल्ला नसेल तर विमा कंपनी दावा उभाच करत नाही. त्या ३,३६,००० रुपयांवर शेळ्यांच्या ७,२०,००० चं भवितव्य अवलंबून असतं, आणि कंपनीपुढे हे अशाच शब्दांत मांडता येतं.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी. मरतूक धरा. सगळ्या ८० शेळ्या वर्षाअखेर जिवंत असतील असं लिहिणाऱ्याने कधी शेळी पाळलेली नाही, हे जाणकाराला कळतं. प्रत्येक दरामागे दरपत्रक किंवा आठवडी बाजारातल्या दराची नोंद असू द्या. महिलांचा स्वतःचा वाटा (गोठ्याची मजुरी, चारा) रुपयांत मांडून वेगळ्या रकान्यात दाखवा. आणि 'संकीर्ण' हे शीर्ष काढून टाका.

> सावधान: हाच खर्च दुसऱ्या देणगीदाराकडेही दाखवलेला नाही ना? एकाच हिशेबनीसाचा पूर्ण पगार तीन प्रकल्पांत दाखवलेला सापडला की तिन्ही जातात. पगार विभागून दाखवा.

## टप्पा ५ : कंपनी निवडा

शंभर कंपन्यांना एकच मेल पाठवण्यात अर्थ नाही. कायद्याने सीएसआर लागू होतो तो ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीला. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के तिने खर्च करायचे असतात. म्हणजे वाळूज, चाकण किंवा बुटीबोरीतला मध्यम कारखानाही यात बसू शकतो. त्याच्या दारात मोठ्या शहरी संस्थांची रांग नसते.

शोध असा घ्या. कंपनीच्या वार्षिक अहवालाला सीएसआरची पुरवणी असते. त्यात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि राबवणाऱ्या संस्थेचं नाव काही कंपन्या छापतात, सगळ्याच नाही. तुमच्या जिल्ह्यात, तुमच्यासारख्या कामावर, तुमच्या मागणीएवढी रक्कम जिने आधी दिली आहे अशा आठ-दहा कंपन्यांची यादी करा. जिची सर्वात छोटी देणगीच दीड कोटीची आहे, तिच्याकडे चौदा लाख मागायला जाऊ नका. मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार आणि राज्यवार आकडे मिळतात. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव हे महाराष्ट्रातले चार 'आकांक्षित', म्हणजे केंद्र सरकारने मागास म्हणून निवडलेले, जिल्हे आहेत. तिथे काम असेल तर पहिल्याच परिच्छेदात लिहा, कारण काही कंपन्या असे जिल्हे मुद्दाम शोधतात.

वेळेचं गणितही बघा. कंपनीचं संचालक मंडळ वर्षाचा कृती आराखडा मंजूर करतं, म्हणून पुढच्या वर्षासाठीची बोलणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत व्हायला हवीत. मार्चमध्ये अचानक फोन येतो, 'थोडा निधी उरलाय, लगेच प्रस्ताव द्या.' तो घेण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या: संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं कायदा मानत नाही. पैसे प्रत्यक्ष वापरले गेले पाहिजेत. म्हणजे तो फोन करणारा तुमच्याकडून ३१ मार्चच्या आतलं उपयोगिता प्रमाणपत्र मागणार आहे. तीन आठवड्यांत ८० चांगल्या शेळ्या मिळत नाहीत, मिळतात त्या बाजारातल्या उरलेल्या. अशा वेळी बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजुरी घ्यायला सांगा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे ३ वर्षांपर्यंत तो चालू शकतो, आणि न वापरलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवू शकते. ते जमत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

> सावधान, परदेशातल्या पैशाबद्दल: अमेरिकेतल्या भाच्याने किंवा तिथल्या मराठी मंडळाने 'आम्हीही थोडी भर घालतो' म्हटलं, तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पासपोर्ट परदेशी असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, किंवा देणगी तिथल्या नोंदणीकृत मंडळाची असेल, तर ती विदेशी देणगी. एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) परवानगीशिवाय ती एक रुपयाही घेता येत नाही, आणि परवानगी असली तरी ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

## टप्पा ६ : दोन पानी टिपण, मागितलं तर प्रस्ताव

आता लिहा. पहिल्यांदा फक्त दोन पानं: कोण आहोत, कुठे, किती कुटुंबं, काय करणार, किती पैसे, वर्षाअखेर काय मोजणार. टप्पा ३ आणि ४ नीट झाले असतील तर हे एका दुपारचं काम आहे.

काम कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमधल्या (सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीतल्या) कोणत्या बाबीत बसतं ते लिहा: भूक, दारिद्र्य व कुपोषण निर्मूलन ही पहिली बाब, उपजीविका वाढ दुसऱ्या बाबीत येते. कंपनीला तिच्या अहवालात हे लिहावंच लागतं. मोजमाप दोन-तीनच ठेवा आणि ते तुम्हाला मोजता येईल असंच ठेवा. 'महिलांचे सक्षमीकरण' कोण मोजणार? '१२ महिन्यांनंतर किती घरांत किमान ३ शेळ्या आहेत आणि किती घरांनी बोकड विकून किती पैसे मिळवले' हे कार्यकर्ती वहीत लिहू शकते.

## टप्पा ७ : छाननी आणि करार

भेटीला येणारा अधिकारी ऑफिसात थोडा वेळ बसतो आणि मग गावात चला म्हणतो. सत्कार, शाल, नारळ, रांगेत उभ्या केलेल्या बायका हे टाळा. कोणतंही घर त्यालाच निवडू द्या. ऑफिसात पावतीपुस्तकं, कीर्द-खतावणी, व्हाउचर फाइल आणि सभांचं इतिवृत्त टेबलावर काढून ठेवा.

करारात चार कलमं थांबून वाचा. हप्ते कशावर अवलंबून आहेत? पहिला हप्ता इतका छोटा असतो की शेळ्या घेता येत नाहीत, आणि शेळ्या घेतल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, असे करार मी पाहिले आहेत. दुसरं, शीर्षांत बदल किती टक्क्यांपर्यंत परवानगीविना चालेल. तिसरं, यंत्र किंवा इमारत असेल तर ती कोणाच्या नावावर. सीएसआरमधून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती संस्थेच्या, बचत गटासारख्या लाभार्थी समूहाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. चौथं, प्रकल्प अर्धवट थांबला तर झालेल्या खर्चाचं काय.

> तपासा: करारावर सही करणाऱ्याला तसा अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव सहीच्या आधीच्या तारखेचा आहे का?

## टप्पा ८ : पैसे खात्यात आल्यावर

प्रकल्पाचं बँक खातं वेगळं काढा. करारात मागितलं नसेल तरी काढा. खात्यावरचं व्याजही त्याच प्रकल्पात वापरा आणि हिशेबात दाखवा. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, तसा खर्च आयकरात धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही. शेळ्यांच्या बाजारात हीच अडचण येते, कारण व्यापारी रोख मागतो. म्हणून खरेदी समितीत महिलांना घ्या, दोन-तीन व्यापाऱ्यांशी आधी बोलून बँक खात्यावर पैसे घेणाराच निवडा आणि खरेदीच्या दिवशीच बिल्ला मारून बिल्ल्याच्या क्रमांकासकट पावती करा. लाभार्थीची सही किंवा अंगठा, बिल्ला क्रमांक, तारीख आणि फोटो एकाच पानावर असू द्या.

उपयोगिता प्रमाणपत्र सीएकडून घ्यायचं असतं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे सीए गायब असतात. फेब्रुवारीअखेरपर्यंतची व्हाउचर्स आधीच तपासून घ्या. खर्च ठरल्यापेक्षा कमी झाला तर कंपनीला जानेवारीत कळवा, एप्रिलमध्ये नव्हे. प्रकल्प बहुवर्षीय असेल तर तिला शिल्लक रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते.

देणग्यांचं विवरण, ज्याला सगळे अजून १०बीडी म्हणतात, ३१ मेपर्यंत भरा. उशीर झाला तर दिवसागणिक शुल्क लागतं. प्रकल्पाची पूर्ण फाइल, अंगठ्यांच्या पानांसकट, किमान १० वर्षं सांभाळा. आयकर नियमांनी धर्मादाय संस्थांची हिशेबपुस्तकं तेवढा काळ ठेवायला सांगितली आहेत, आणि चौकशीची नोटीस येते तेव्हा ते काम करणारी कार्यकर्ती बहुधा संस्थेत नसते.